प्रयोगशाळेतून माजघरात

मृगाची पहिली सर आली की घरोघरी आनंदीआनंद होतो. परंतु आमच्या आईच्या मुद्रेवर त्या दिवसांत एक प्रकारची धास्ती उमटलेली आम्ही लहानपणापासून पाहत आलो. नव्या पाण्याबरोबर हगवण येते, हे तिने पुस्तकात वाचले नव्हते. ते तिने भोगले होते. १९६४ च्या पावसाळ्याच्या आरंभी, हैदराबादच्या काचीगुड्यातील आमच्या जुन्या घरात, आमची धाकटी बहीण जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत गेली. तिला दोन वर्षे पुरी व्हायची होती. आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असू. त्या दोन दिवसांतले फारसे काही आठवत नाही. आठवते ते एवढेच की, ती कोपऱ्यातल्या तांब्याकडे पुन्हा पुन्हा हात करी आणि कोणीही तिला पाणी देत नसे.

यात निष्ठुरता कोणाचीच नव्हती. पोटात पाणी गेले की जुलाब वाढतो, तेव्हा आतड्याला विश्रांती द्यावी, पाणी तोडावे, ही त्या काळची सर्वमान्य समजूत. घरातल्या वडीलधाऱ्या बायका तेच सांगत, शेजारीपाजारी तेच सांगत, आणि अनेक शिकलेलेही तेच सांगत. आई ओल्या फडक्याने लेकीचे ओठ पुसत बसली. पुढे कित्येक वर्षे तिने त्या तांब्याचा उल्लेख केला नाही; मात्र तो तांब्या तिने पुन्हा वापरायलाही काढला नाही.

हे घरगुती दुःख वाचकांपुढे मांडण्याचे कारण एवढेच की, पुष्कळ वर्षांनी वाचनाच्या ओघात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि मन अस्वस्थ झाले. ज्या ज्ञानाने ती मुलगी वाचली असती, त्याचा गाभा १९६४ साली अस्तित्वात होता. शास्त्रज्ञांच्या सभेत तो जाहीर होऊन चार वर्षे लोटली होती. मग तो आमच्या माजघरापर्यंत का पोचला नाही? वाटेत कोण आडवे आले? की वाटच तेवढी लांब होती? या प्रश्नाचा मागोवा घेता घेता जी कथा हाती आली, ती मीठ, साखर आणि पाणी या तीन पदार्थांची कथा आहे. आपण तिला आज ‘जलसंजीवनी’ म्हणतो. औषधाच्या दुकानात ती ‘ओ. आर. एस.’ या नावाने मिळते.

पटकी म्हणजे कॉलरा. तिने मनुष्य मरतो तो विषाने कमी आणि शोषाने अधिक. अंगातले पाणी व क्षार काही तासांत वाहून जातात, रक्त दाट होते, नाडी लागेनाशी होते. ही गोष्ट १८३१-३२ साली इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली तेव्हाच विल्यम ओशॉनेसी नावाच्या अवघ्या बाविशीच्या तरुणाने रुग्णांचे रक्त तपासून दाखवून दिली होती. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास येऊन वैद्यकाचा प्राध्यापक झाला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळेही त्यानेच उभारले. त्याचा लेख वाचून स्कॉटलंडमधील टॉमस लाटा या डॉक्टरने १८३२ साली मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. काही रुग्ण अक्षरशः उठून बसले. परंतु साथ ओसरली, पुढच्याच वर्षी लाटा वारला, आणि उपाय विस्मरणात गेला. तो नीट रुजायला विसावे शतक उजाडावे लागले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून क्षारजल देऊन पटकीचे मृत्यू निम्म्यावर आणले.

एवढे झाले तरी सर्वसामान्यांचा प्रश्न सुटला नाही. शिरेतून द्यायचे पाणी निर्जंतुक हवे. बाटली, नळी, सुई हवी. शीर सापडवणारा हात हवा. आणि हे सारे काही तासांत मिळायला हवे. पटकी व हगवण येते ती मात्र जेथे यांतले काहीच नसते तेथे. म्हणून तोंडाने पाणी देऊन भागेल काय, हा प्रश्न वारंवार विचारला जात होता. नुसते मिठाचे पाणी पाजून काही साधत नव्हते. आजारी आतडे ते शोषून घेत नसे. १९५३ साली कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात लिहिले की, मीठ आणि ग्लुकोज यांचे मिश्रण तोंडाने देऊन आपण पटकीचे १८६ रुग्ण बरे केले. पण हे पाणी का लागू पडते, याचा उलगडा त्यात नव्हता. ज्यांना हे मिश्रण दिले नाही अशा रुग्णांशी तुलना नव्हती. शास्त्राच्या दरबारात नुसत्या अनुभवाला आसन मिळत नाही. तो लेख छापला गेला आणि मागे पडला.

उलगडा झाला तो दुसऱ्याच वाटेने. कलकत्त्यातच शंभुनाथ डे या संशोधकाने १९५९ साली सिद्ध केले की, पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषाने आतडे पाणी बाहेर टाकू लागते. त्याच सुमारास झालेल्या तपासण्यांत असेही दिसले की, पटकीत आतड्याचे अस्तर झडून जाते ही जुनी कल्पना चुकीची असून ते शाबूत असते. आणि १९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडले की, आतड्याच्या पेशीत साखर शिरते ती एकटी शिरत नाही. सोडियमला, म्हणजे मिठातल्या मुख्य घटकाला, बरोबर घेऊन शिरते.

हे तत्त्व समजावून घ्यायला आपल्याकडील एक रीत उपयोगी पडेल. कुळाचाराला मेहूण जेवायला बोलावतात. तेथे एकटा पुरुष चालत नाही, एकटी स्त्री चालत नाही, जोडी लागते. आतड्याच्या भिंतीवर असे एक दार आहे की, जे साखर आणि मीठ जोडीने आल्यावाचून उघडत नाही. जोडी आत गेली की तिच्यामागून पाणी वऱ्हाडासारखे आपोआप जाते. पटकीचे विष इतर व्यवहार बिघडवते, पण या दाराला हात लावत नाही. जुलाब चालू असतानाही हे दार उघडेच असते. आमच्या घरात तांब्या कोपऱ्यात होता, मीठ व साखर स्वयंपाकघरात होती. आणि ते दार तिच्या पोटात होते.

येथवर वाचून कोणीही म्हणेल की, मग १९६० सालीच हे जगजाहीर का केले नाही? प्रथम आम्हीही रागाने तेच म्हटले. परंतु मनिलाची हकीकत वाचली आणि राग आवरावा लागला. अमेरिकन नौदलातील डॉक्टर कॅप्टन रॉबर्ट फिलिप्स यांनी १९६२ साली फिलिपाइन्सच्या या राजधानीत पटकीच्या रुग्णांना ग्लुकोज व क्षार तोंडाने देऊन पाहिले. आरंभी आशा वाटली. म्हणून त्यांनी अधिक रुग्णांवर प्रयोग केला. मिश्रणाचे प्रमाण आणि देण्याची पद्धत अद्याप बसलेली नव्हती. काही रुग्ण दगावले. फिलिप्स सज्जन होते, तो घाव त्यांच्या मनातून गेला नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. पुढे ते ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, तेव्हाही तोंडाने पाणी देण्याच्या प्रयोगांबाबत फार सावध राहिले. अर्धवट पिकलेले ज्ञान घाईने वाटले तर तेही जीव घेते, ही या कथेतली कडू पण आवश्यक शिकवण आहे. शोध खरा असणे निराळे आणि तो रुग्णाच्या हाती देण्याजोगा होणे निराळे.

ते काम १९६८ साली ढाक्यात झाले. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे दोघे अमेरिकन डॉक्टर तेव्हा तिशीच्याही आत होते. आधीचे प्रयोग का फसले, याचा विचार करताना त्यांच्या ध्यानात आले की, चूक औषधात नसून मापात आहे. रुग्णाच्या शरीरातून जेवढे पाणी जाते तेवढे मोजून, तेवढेच परत पाजले पाहिजे. त्यांनी रात्रंदिवस रुग्णांपाशी राहून मोजमाप केले आणि दाखवून दिले की, आरंभी शिरेतून थोडे क्षारजल देऊन नंतर तोंडाने मिश्रण पाजले, तर एकंदर सलाईनची गरज सुमारे चार-पंचमांशाने कमी होते. किती द्यायचे, कसे द्यायचे, कोणाला द्यायचे, याची उत्तरे आता आकड्यांत मिळाली. त्याच काळात कलकत्त्यातही अशाच स्वरूपाचे प्रयोग यशस्वी झाले.

तरीही हे सारे रुग्णालयाच्या चार भिंतींत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. बाहेरच्या चिखलात ते टिकेल काय? या प्रश्नाची परीक्षा कोणी योजून घेतली नाही. ती इतिहासाने लादली. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात अत्याचारांचा वणवा पेटला आणि सुमारे एक कोट निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगाव येथील छावण्यांत पटकी पसरली. कलकत्त्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबिस जूनच्या अखेरीस तेथे पोचले. रुग्णालयाच्या दोन खोल्या रुग्णांनी खच्चून भरल्या होत्या. जमिनीवर पडलेल्यांना सलाईन लावायचे तर विष्ठा आणि वांतीत गुडघे टेकून बसावे लागे. थोड्याच काळात सलाईनचा साठा संपत आला.

महालनबिसांपुढे दोन मार्ग होते. सलाईन येण्याची वाट पाहत माणसे मरू द्यायची, किंवा रुग्णालयाबाहेर अद्याप न पारखलेला उपाय स्वतःच्या जबाबदारीवर सर्रास वापरायचा. त्यांनी दुसरा मार्ग धरला. कलकत्त्याच्या संशोधन केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा तोलून पिशव्या भरल्या जाऊ लागल्या. गरम इस्त्रीने त्यांची तोंडे बंद केली जात. छावणीत पिंपांत पाणी घेऊन त्यात हे मिश्रण घालत आणि तोटीखाली पेले, वाट्या, जे मिळेल ते भरून नेत. लोकांचा सलाईनवर विश्वास, म्हणून याला ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’ म्हणून सांगितले. आणि पाजायला परिचारिका कोठून आणणार? रुग्णाच्या आया, बहिणी, भाऊ हेच परिचारक झाले. आमच्या मते या सबंध इतिहासातला निर्णायक क्षण हाच. तोपर्यंत उपचार डॉक्टरांच्या हाती होता. त्या दिवसांत तो प्रथमच आईच्या हाती गेला, आणि तिने तो बिनचूक पेलला. अशा छावण्यांत शंभरांतले वीस-तीस रुग्ण दगावत असत. महालनबिसांच्या देखरेखीखालील तीन हजारांहून अधिक रुग्णांत हे प्रमाण शेकडा चारांहून कमी राहिले.

एवढा लखलखीत पुरावा मिळाल्यावर जगाने त्याला डोक्यावर घेतले असेल, अशी कोणाची समजूत असेल तर ती खरी नाही. हा अहवाल छापून यायला १९७३ साल उजाडले. मीठ-साखरेचे पाणी हे ‘औषध’ आहे, यावर अनेक वैद्यकतज्ज्ञांचा विश्वास बसेना. सुई, नळी आणि बाटली यांत जो रुबाब आहे, तो वाटी-चमच्यात नाही. रुग्णांनाही सलाईन लावले म्हणजेच खरा उपचार झाला असे वाटे, आणि अद्यापि पुष्कळांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेतील डॉ. धीमान बरुआ यांनी बनगावचे काम प्रत्यक्ष पाहिले होते. त्यांच्यासारख्यांनी नेट धरला, म्हणून १९७८ साली या संघटनेने हगवण-नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. ज्या ‘लॅन्सेट’मध्ये पंचवीस वर्षांपूर्वी चटर्जींचा लेख पडून राहिला होता, त्याच नियतकालिकाने त्या वर्षी लिहिले की, कदाचित हाच या शतकातील सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल.

आता उरला शेवटचा पल्ला, दवाखान्यापासून घरापर्यंतचा. अंतराने तो सर्वांत लहान आणि चालायला सर्वांत कठीण. १९८० साली बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने तो चालून दाखवला. तिच्या कार्यकर्त्या स्त्रिया घरोघर जात, चुलीपाशी बसत आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण त्या घरच्या स्त्रीकडूनच करवून घेत. त्यांचे वेतन किती घरे झाली यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरे कोणी त्यांतल्या काही घरी जाऊन पाही की, त्या माउलीला काय आठवते, तिचे मिश्रण बरोबर होते की नाही. त्यावर वेतन ठरे. आणि तरीही प्रारंभी असे आढळले की, बायकांना कृती तोंडपाठ आहे, पण मूल आजारी पडले की त्या ती करीत नाहीत! शोध घेता कळले की, शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत. त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी कसे काम करते ते दाखविण्यात आले. गावच्या पुरुषांनाही मशिदीत व बाजारात समजावण्यात आले. कारण घरात काय करायचे याचा अखेरचा शब्द बहुधा त्यांचाच असे. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत हे ज्ञान पोचले. पाठ असणे आणि पटणे यांत केवढे अंतर आहे, हे आमच्या घरी तरी कोणी वेगळे सांगायला नको.

आपल्या देशात काय झाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, जुलाब झालेल्या बालकांपैकी ज्यांना ही पुडी दिली गेली त्यांचे प्रमाण २००५-०६ साली शेकडा २६ च्या आसपास होते, २०१५-१६ साली ५१, आणि २०१९-२१ साली ६१. प्रगती निःसंशय आहे. पण शंभरांतली एकोणचाळीस बालके अद्याप उरतातच. जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले हगवणीने मरतात. पुडीच्या मिश्रणात २००२ साली सुधारणा होऊन मीठ व साखर यांचे प्रमाण कमी करण्यात आले. जोडीला दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस २००४ पासून आहे. दुसरीकडे, याच नावाचा आधार घेऊन भरमसाट साखरेची पेये बाजारात आली. त्यांविरुद्ध आमच्याच हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष सुमारे आठ वर्षे झगडल्या, तेव्हा कोठे २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ‘ओ. आर. एस.’ हे नाव छापण्यास मनाई केली. महालनबिस २०२२ साली निवर्तले; पद्मविभूषण त्यांना मिळाले ते पुढच्या वर्षी, मरणोत्तर.

वाचकहो, शक्यतो पुडीच वापरावी आणि तीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात लहान चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ जास्त पडणे घातक. चव घेऊन पाहावी, आसवांहून खारट लागता कामा नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यावे. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. मूल मलूल पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा.

१९८७ च्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या भावाचा दीड वर्षाचा मुलगा याच दुखण्याने पडला. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पुडी दिली आणि सांगितले, “पाजत राहा.” आईने दोनदा विचारले, “पाणी द्यायचं म्हणता?” मग ती वाटी-चमचा घेऊन नातवाला मांडीवर घेऊन बसली. रात्रभर तिने कोणाच्या हाती चमचा दिला नाही. भावजय उशाशी बसून होती. पहाटे मुलाने आजीचे लुगडे ओले केले, तेव्हा भावजय हसली. लघवी झाली म्हणजे धोका टळला, असे नर्सबाईंनी सांगूनच ठेवले होते. आई मात्र हसली नाही. वाटीत उरलेल्या पाण्याकडे पाहत ती एवढेच म्हणाली, “एवढंच होतं का ग?”

आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्या दिवसापासून तिने मिसळणाच्या डब्याशेजारी एक पुडी ठेवण्याचा नेम धरला होता. मुदत सरली की ती स्वतः बदलून आणी. तो नेम आमच्या घरात अजून चालू आहे.